जुना रॅक सर्व्हर घेऊ का?

प्रश्न : मी इंजिनिअरिंगच्या शेवटच्या वर्षाला आहे. घरी प्रॉक्समॉक्स ही प्रणाली टाकून पाच-सहा व्हर्च्युअल मशीन (एकाच संगणकात चालणारे वेगवेगळे आभासी संगणक) चालवायची आहेत. बजेट २५ हजार. दोन प्रोसेसरचा जुना रॅक सर्व्हर स्वस्तात मिळतोय. घेऊ का?
– एक वाचक, नाशिक

उत्तर : नका घेऊ. असा सर्व्हर नुसता चालू ठेवला आणि १५० वॅट धरले, तरी महिन्याला १०८ युनिट जळतात. शिवाय पंख्यांच्या आवाजात त्या खोलीत अभ्यास होणं अवघड. ऑफिसांतून निघालेला आय-५ ८५०० चा डेस्कटॉप बघा. सहा कोअर मिळतात, आणि ३० वॅट धरले तर महिन्याला २२ युनिटच्या आत भागतं.

पैसा रॅमवर घाला. घरच्या कामात प्रोसेसर क्वचितच कमी पडतो, रॅम मात्र हटकून संपते. चार स्लॉटचंच मॉडेल शोधा; आत्ता आठ-आठ जीबीच्या दोन पट्ट्या, उरलेले दोन स्लॉट पुढच्यासाठी. लिनक्सची छोटी कामं व्हर्च्युअल मशीनऐवजी कंटेनरमध्ये (मूळ सिस्टिमचाच कर्नल वापरणाऱ्या हलक्या कप्प्यात) टाकलीत, तर १६ जीबीही बरीच पुरते. व्हर्च्युअल मशीन एसएसडीवर ठेवा, बॅकअप वेगळ्या हार्ड डिस्कवर. झेडएफएस ही फाइल सिस्टिम वापरणार असाल तर एसएमआर डिस्क (डेटाचे पट्टे एकमेकांवर थोडे चढवून लिहिणारी हार्ड डिस्क) अजिबात नको. डिस्क बदलल्यावर डेटा पुन्हा भरताना ती फार रखडते.

दुकानातच बायोस (संगणक सुरू होताना उघडणारी मूळ सेटिंग) उघडून बघा. व्हीटी-एक्स (व्हर्च्युअल मशीन चालवण्यासाठी प्रोसेसरची सोय) आणि व्हीटी-डी (एखादं कार्ड थेट व्हर्च्युअल मशीनला देण्याची सोय) दोन्ही चालू करता आले पाहिजेत. बायोसला जुन्या ऑफिसचा पासवर्ड असेल, तर तो काढून दिल्याशिवाय पैसे देऊ नका.