सायकॉलॉजीसाठी मुलीला इंग्लंडला पाठवताय? आधी एवढं बघा

भाऊ, तुमचा प्रश्न असा की मुलगी चाळीसगावला बारावी आर्ट्सला आहे. इंग्लंडात सायकॉलॉजीची पदवी घेऊन आली तर जळगावात क्लिनिक टाकू शकेल का?

नुसत्या पदवीवर नाही. भारतात क्लिनिकल सायकॉलॉजिस्ट म्हणून काम करायला भारतीय पुनर्वास परिषदेची नोंदणी लागते, ती या ३ वर्षांच्या परदेशी पदवीवर मिळत नाही. इकडे इंग्लंडातही ‘क्लिनिकल सायकॉलॉजिस्ट’ हे बिरुद कायद्याने राखीव आहे. त्यासाठी पदवीवर आणखी ३ वर्षांची डॉक्टरेट आणि एचसीपीसीकडे, म्हणजे आरोग्य व्यावसायिकांची नोंद ठेवणाऱ्या इथल्या संस्थेकडे, नोंदणी लागते, आणि डॉक्टरेटच्या सरकारी खर्चाच्या जागा मुख्यतः इथल्याच विद्यार्थ्यांना जातात. एजंट हे सांगत नाहीत.

तरी पाठवायचंच असेल तर ब्रिटिश सायकॉलॉजिकल सोसायटीची मान्यता असलेलाच कोर्स घ्या. सायकॉलॉजीसोबत दुसरा विषय जोडलेल्या कोर्सला ती असतेच असं नाही. शिवाय ५० टक्क्यांखाली घसरली तर मान्य कोर्सचाही पुढे उपयोग नाही. अर्ज यूकासवर, म्हणजे इथल्या विद्यापीठांच्या सामाईक प्रवेश-वेबसाइटवर, एकाच फॉर्मवर ५ कोर्स, मुदत जानेवारीत.

आर्ट्सची मुलं अडतात ती फ्रॉइडपाशी नव्हे, स्टॅटिस्टिक्सपाशी. पहिल्या वर्षापासून प्रयोग करून रिपोर्ट लिहावा लागतो. घरीच करून बघायला सांगा: ‘लाल’ हा शब्द हिरव्या शाईत, ‘निळा’ पिवळ्या शाईत, असे २० शब्द एका कागदावर, दुसऱ्यावर शब्द आणि शाई जुळणारे २०. शब्द वाचायचा नाही, शाईचा रंग सांगायचा. १० जणांची दोन्ही वेळ सेकंदात मोजायची. सगळ्यांना सोपा कागद आधी दिला की घोळ होतो, कारण दुसऱ्या वेळेपर्यंत हात बसलेला असतो आणि फरक कशामुळे पडला ते कळत नाही. म्हणून पाच जणांना उलट क्रम द्यायचा. माणसं तीच असल्यामुळे तुलनेला पेअर्ड टी-टेस्ट, म्हणजे त्याच माणसांच्या दोन वेळांतला फरक खरा की योगायोग हे तपासणारं गणित. हे करताना तिला मजा आली तर पाठवा. कंटाळली तर घरी बसून बोला, कारण तिन्ही वर्षं हेच आहे.

आता पैसे. व्हिसाला पहिल्या वर्षाची उरलेली फी आणि जास्तीत जास्त ९ महिन्यांचा राहण्याचा खर्च खात्यात सलग २८ दिवस दिसावा लागतो. एक दिवसही रक्कम कमी झाली की अर्ज फेटाळला जातो. खातं मुलीचं, आईवडिलांचं किंवा कायदेशीर पालकाचंच हवं. एकत्र कुटुंबात रक्कम आजोबांच्या नाहीतर काकांच्या नावावर असते, ती चालत नाही. तुमच्या खात्यातून दाखवलीत तर जन्मदाखला आणि संमतीपत्र जोडा. पतसंस्थेतल्या ठेवीवर विसंबू नका, बँकेत वळवा. केळीचे पैसे आले की व्यापाऱ्याचं, खतवाल्याचं देणं त्याच खात्यातून जात असेल, तर हे खातं वेगळंच उघडा. शिवाय इथल्या सरकारी आरोग्यसेवेसाठी व्हिसासोबत आरोग्य अधिभार वर्षाला ७७६ पौंड, तो सगळ्या वर्षांचा एकदम भरावा लागतो.