ड्राफ्टच्या याद्या करून पोट भरतं का?

नाशिकच्या एका आईंचं पत्र आलं आहे. मुलगा पुण्यात बीएस्सी स्टॅटिस्टिक्सच्या दुसऱ्या वर्षाला. ऑक्टोबर २०१९ मध्ये मामाने त्याला वरळीच्या डोममध्ये सॅक्रॅमेंटो किंग्ज आणि इंडियाना पेसर्सचा सामना दाखवला, तेव्हापासून बास्केटबॉलचं वेड. आता खेळण्यापेक्षा आकड्यांचं जास्त. अमेरिकेतल्या कॉलेजांमधली कोणती मुलं एनबीएच्या, म्हणजे तिथल्या व्यावसायिक बास्केटबॉल लीगच्या, ड्राफ्टमध्ये कितव्या क्रमांकावर जातील आणि पुढे टिकतील, याच्या याद्या करत बसतो. पहाटे उठून सामने बघतो. म्हणतो, हेच करिअर करणार. आई लिहितात : "अशी नोकरी खरंच असते का? की हा सट्ट्याचाच सभ्य प्रकार? त्याचे बाबा म्हणतात, याद्या करून पोट भरत नाही. त्याची एक्सेल शीट सोबत पाठवते आहे, मला त्यातलं ओ की ठो कळत नाही."

ताई, सप्रेम नमस्कार.

शीट उघडली आणि दोन संध्याकाळी तिच्यातच गेल्या. ११८ मुलांची नावं, १४ रकाने, रंगरंगोटी. मेहनत आहे. चुकाही आहेत, पण शिकण्याजोग्या. म्हणून आधी शीटबद्दल बोलते, नोकरीचं नंतर.

तुमच्यासाठी थोडक्यात : ड्राफ्ट म्हणजे आयपीएलचा लिलाव नव्हे. इथे पैशाची बोली नसते, नवे खेळाडू निवडायची पाळी असते. ३० संघ, दोन फेऱ्या, म्हणजे कागदावर ६० नावं. मागच्या हंगामात ज्यांनी मार खाल्ला त्यांची पाळी आधी. पण मग संघ मुद्दाम हरायला लागतील, म्हणून वरच्या पाळ्यांसाठी सोडत काढतात. २०१९ साली नियम बदलून तळाच्या तिन्ही संघांची पहिल्या निवडीची शक्यता प्रत्येकी १४ टक्के केली. २०२५ मध्ये डॅलसच्या वाट्याला जेमतेम १.८ टक्के होते. तरी पहिली चिठ्ठी त्यांचीच निघाली आणि ड्यूक विद्यापीठाचा कूपर फ्लॅग त्यांच्याकडे गेला.

आता शीट. पहिला रकाना दर सामन्यामागे काढलेल्या गुणांचा, आणि यादी बहुतेक त्याच उतरत्या क्रमाने लावलेली. इथे मी त्याला २०११ सालात नेणार आहे.

त्या हंगामात ब्रिगम यंग विद्यापीठाचा जिमर फ्रेडेट दर सामन्याला २८.९ गुण काढत होता. अख्ख्या देशात पहिला. त्याच वर्षी, त्याच कॉन्फरन्समध्ये, म्हणजे विद्यापीठांच्या त्याच गटात, सॅन डिएगो स्टेटचा एक अबोल पोरगा १५.५ गुण काढत होता. तीन गुणांचे शंभर चेंडू फेकले तर तीसही आत जात नव्हते. तुमच्या मुलाच्या शीटमध्ये फ्रेडेट सगळ्यात वर बसला असता आणि हा दुसरा कुठेतरी स्क्रोल करून शोधावा लागला असता. ड्राफ्टमध्ये फ्रेडेट दहावा गेला, दुसरा पंधरावा. दुसरा म्हणजे कवाय लेनर्ड. २०१४ आणि २०१९ च्या अंतिम मालिकांमध्ये सर्वोत्तम खेळाडू ठरलेला. फ्रेडेट एनबीएत रुजला नाही. चीनमध्ये त्याने धो धो गुण काढले, २०२४ च्या पॅरिस ऑलिंपिकला अमेरिकेच्या थ्री-बाय-थ्री, म्हणजे तिघा-तिघांच्या बास्केटबॉलच्या, संघातही होता. म्हणजे खेळाडू वाईट नव्हताच.

मग फरक कोणत्या रकान्यात होता? वयाच्या. ड्राफ्टच्या रात्री फ्रेडेटला बाविसावं संपून चार महिने झाले होते, लेनर्डला वीस पूर्ण व्हायला अजून काही दिवस होते. चौथ्या वर्षाला असलेल्या मुलाने एकोणीस वर्षांच्या पोरांवर गुण काढणं आणि त्या पोरांपैकीच एकाने सामन्याला साडेदहा रिबाउंड, म्हणजे नेम हुकून परत आलेले चेंडू, ओढणं, यांची किंमत सारखी नाही. दहावीच्या मुलाला आठवीच्या पेपरात पैकीच्या पैकी पडले तर आपण पेढे वाटत नाही. तुमच्या चिरंजीवांच्या १४ रकान्यांत जन्मतारीख नाही! उंची मात्र तीन प्रकारे दिली आहे, बुटांसह, बुटांशिवाय आणि सेंटिमीटरमध्ये. उंचीवर एवढा जीव असेल तर त्याला पंजाबच्या सतनाम सिंगची आठवण द्या. सात फूट दोन इंच, २०१५ मध्ये डॅलसने ५२ व्या क्रमांकावर घेतला, ड्राफ्टमध्ये निवडला गेलेला पहिला भारतीय. एनबीएचा एकही सामना त्याच्या वाट्याला आला नाही.

लेनर्डच्या आकड्यांत आणखी एक खूण होती. तीन गुणांचे फेकलेले जात नव्हते, पण फ्री थ्रो, म्हणजे समोरच्याने फाउल केल्यावर मिळणारे मोकळे फेकायचे चेंडू, चारातले तीन जात होते. फ्री थ्रोला समोर कोणी हात आडवा घालत नाही, अंतर तेच, रिंग तीच. हाताला किती वळण आहे ते तिथे कळतं. कॉलेजमधला फ्री थ्रोचा आकडा पुढच्या नेमबाजीबद्दल बरंच सांगून जातो, हे या धंद्यातली माणसं जाणून असतात. शीटमध्ये तो रकाना आहे, पण शेवटून दुसरा, आणि हिशेबात कुठेच धरलेला नाही.

सगळ्यात मजा वाटली ती तीन गुणांच्या टक्केवारीची. एका मुलापुढे ३८.७, दुसऱ्यापुढे ३६.२, आणि एवढ्यावरून पहिला अकरा जागा वर. ताई, हा भाग मुलालाच वाचायला द्या. बाळा, कॉलेजचा हंगाम तीस-पस्तीस सामन्यांचा. त्यात एखादा मुलगा तीन गुणांचे समजा १५० फेकतो आणि त्यातले ३६ टक्के आत जातात. बायनॉमियलचं सूत्र घाल : प्रमाण त्रुटी जवळपास चार टक्के. म्हणजे त्याची खरी कुवत २८ ते ४४ मध्ये कुठेही असू शकते. अडीच टक्क्यांच्या फरकावर अकरा जागा हलवणं म्हणजे तूच वर्गात शिकलेलं रविवारी सकाळी विसरणं. त्यात तीन गुणांसाठी जिच्या बाहेरून फेकायचं ती रेघही वेगळी. कॉलेजची २२ फूट पावणेदोन इंचांवर, एनबीएची कोपरे सोडले तर २३ फूट ९ इंचांवर. कॉलेजमध्ये फेकायला ३० सेकंद, तिथे २४. दशांश चिन्हापुढचा आकडा खोडून टाक, शीट लगेच जास्त खरी होईल.

एवढं सगळं केलं तरी अंदाज चुकतातच. २००९ मध्ये मिनेसोटाने पाचव्या आणि सहाव्या, लागोपाठच्या दोन्ही निवडींत गार्ड, म्हणजे चेंडू खेळवणारे खेळाडू, घेतले, आणि सातव्या क्रमांकावर स्टेफ करी, पुढे मोठा तारा झालेला गार्डच, गोल्डन स्टेटला मिळाला. असाच पुढे तारा झालेल्या केविन ड्युरांटला २००७ च्या ड्राफ्टआधीच्या चाचणीत ८४ किलोंचा बार एकदासुद्धा उचलता आला नव्हता. (मी हे जिमवाल्या भाच्याला ऐकवलं, त्याला ते मुळीच आवडलं नाही.) शिवाय यशाचा मापही निखळ नाही. पहिल्या फेरीतल्या मुलाचे पहिल्या दोन वर्षांचे पैसे पक्के असतात, म्हणून संघ त्याला मैदानावर वेळ देतो, चुका पोटात घालतो. दुसऱ्या फेरीतल्याला ती चैन नाही. मग वरचा टिकला तो गुणांमुळे की मिळालेल्या संधीमुळे? आपल्याकडे प्रवेश मिळालेल्या कॉलेजवरून मुलाची हुशारी मोजतात, तसंच.

सट्ट्याचं विचारलंत ते बरं केलंत. अंदाज बांधणं आणि त्यावर पैसे लावणं, यांच्यात भिंत आहे, पण पातळ. २०२४ च्या एप्रिलमध्ये एनबीएने जॉन्टे पोर्टर या खेळाडूला सट्टेबाजीच्या प्रकरणात कायमचं बाद केलं. संघात काम करणाऱ्या कुणालाही एनबीएच्या सामन्यांवर पैसे लावता येत नाहीत. आपल्याकडे २०२५ च्या ऑगस्टमध्ये संसदेने पैसे लावून खेळायच्या ऑनलाइन खेळांवर बंदीचा कायदा केला आहे. मुलाच्या शीटमध्ये मला भावाचा, म्हणजे सट्ट्याच्या दराचा, रकाना दिसला नाही. तो दिसला तर मला पुन्हा पत्र लिहा.

नोकरी असते का? असते. ह्यूस्टन रॉकेट्सने २००७ मध्ये डॅरिल मोरी नावाच्या, संगणकशास्त्र शिकलेल्या माणसाच्या हाती संघाची सूत्रं दिली, तेव्हापासून आकडेवाल्यांना दार उघडलं. जॉन हॉलिंजर ईएसपीएन या क्रीडावाहिनीसाठी आकडेवारीवर लिहीत असे. डिसेंबर २०१२ मध्ये मेम्फिस ग्रिझलीजने त्याला थेट बास्केटबॉल विभागाचा उपाध्यक्ष करून नेलं. पण गणित करा. संघ ३०. प्रत्येकाकडे या कामाला मूठभर माणसं. रांगेत अमेरिकेतल्या नामांकित विद्यापीठांची पोरं. आणि आपल्या मुलापुढे व्हिसा : तिथल्या शिक्षणानंतर एक वर्ष, विज्ञान-गणिताची पदवी असेल तर आणखी दोन वर्षं कामाची परवानगी, त्यानंतर एच-वन-बी या नोकरीच्या व्हिसाची सोडत. तिथेही लॉटरीच. म्हणून एकट्या एनबीएच्या भरवशावर घरावर कर्ज काढू नका, असं मी स्पष्ट सांगते. आणि पदव्युत्तर शिक्षण घेतलंच तर "स्पोर्ट्स अॅनालिटिक्स" अशी झगमगीत पाटी असलेलं नको, साधं संख्याशास्त्र घ्या. भारतीय सांख्यिकी संस्थेची एमस्टॅटची, म्हणजे संख्याशास्त्राच्या पदव्युत्तर पदवीची, प्रवेश परीक्षा त्याने द्यावी. नाही जमलं तर पुणे विद्यापीठाचा संख्याशास्त्र विभाग काही कमी नाही. सोबत आर किंवा पायथन, आणि एसक्यूएल, या आकडेवारीला लागणाऱ्या संगणकभाषा. एवढं आलं की विमा, कर्जवसुलीची जोखीम, औषधांच्या चाचण्या, सगळीकडे दार उघडं आहे. थोड्या जुन्या माहितीवरून एका माणसाचं पुढे काय होईल आणि आपला अंदाज किती चुकू शकतो, हाच सगळीकडचा प्रश्न.

जवळचं मैदानही आहे. क्रिकेटची महाराष्ट्र प्रीमियर लीग २०२३ ला सुरू झाली. तुमच्याच ईगल नाशिक टायटन्सकडून खेळलेल्या अर्शिन कुलकर्णीला त्याच वर्षीच्या डिसेंबरमध्ये लखनौने आयपीएलच्या लिलावात २० लाखांना घेतलं. पुण्याजवळच्या गहुंजेच्या मैदानावर या लीगमध्ये केलेल्या खेळीची आयपीएलमध्ये किती किंमत धरायची, हा कॉलेज आणि एनबीएचाच प्रश्न, फक्त हिशेबनीस कमी आहेत. त्याने तो सोडवायला घेतला तर दाखवायला काहीतरी स्वतःचं होईल.

आणि आता सगळ्यात महत्त्वाचं. शीटमध्ये या वर्षीची यादी आहे, गेल्या वर्षीची नाही. फोन करून विचारलं तर म्हणाला, "त्याच फाइलवर नवीन केली." इथे मी थोडी चिडले. आपला जुना अंदाज पुसणाऱ्याला कुणी नोकरी देत नाही. मोरीच्या संघाकडे २०११ च्या डिसेंबरमध्ये हार्वर्डचा जेरेमी लिन होता, ड्राफ्टमध्ये कुणीच न घेतलेला. दोन आठवड्यांत त्यांनी त्याला सोडून दिलं, आणि फेब्रुवारीत त्याने न्यू यॉर्क निक्सकडून धुमाकूळ घातला. आकड्यांचा एवढा मोठा माणूस, पण आम्ही त्याला ठेवायला हवं होतं, असं मोरीने जाहीरपणे लिहून टाकलं.

तेव्हा मुलाला एवढंच सांगा. जून महिन्यातल्या ड्राफ्टच्या आठवडाभर आधी ६० नावं कागदावर छापायची. प्रत्येक नावापुढे, हा मुलगा पाच वर्षांनी एनबीएत खेळत असण्याची शक्यता किती टक्के, ते लिहायचं. कागद पाकिटात घालून, वर तारीख टाकून तुमच्याकडे द्यायचा. ड्राफ्ट झाल्यावर खरा क्रम छापलेला दुसरा कागद त्याच पाकिटात. तुमच्या मुलाला हरवायचं आहे ते या दुसऱ्या कागदाला. कारण ३० संघांनी लाखो डॉलर खर्चून केलेला तोही एक अंदाजच आहे. बाबांनाही हवं तर एक यादी करू द्या, नुसत्या उंचीवरून केली तरी चालेल. पाकीट गोदरेजच्या कपाटात, दागिन्यांच्या कप्प्यात ठेवा आणि किल्ली मुलाला देऊ नका.