सायटिका परत परत उठते तेव्हा: रिपोर्टपेक्षा पायाकडे बघा

तुमचं म्हणणं थोडक्यात असं. दर चार-सहा महिन्यांनी उजव्या कुल्ल्यातून कळ सुटते आणि मांडीच्या मागून पोटरीपर्यंत उतरते. आठवडाभर झोपून काढलं, गोळ्या घेतल्या की बसते आणि पुढे कुठल्यातरी फालतू कारणाने पुन्हा उठते. आता एमआरआयमध्ये ‘एल ४–एल ५ ला डिस्क बल्ज’ (कंबरेच्या चौथ्या-पाचव्या मणक्यांमधली गादी बाहेर फुगलेली) निघाल्यापासून तुम्ही धास्तावलात. ऑपरेशन करून एकदाचं मोकळं व्हावं का, आणि कंबरेचा पट्टा रोज लावावा का, हे तुम्ही विचारलंय. मी डॉक्टर नाही. हे दुखणं बरीच वर्षं अंगावर वागवलेला आणि त्यापायी बरंच वाचलेला माणूस आहे, तेवढ्याच वजनाने घ्या.

आधी जिथे वाट बघायचीच नसते ते. लघवी तुंबली किंवा होतेय हेच कळेनासं झालं, शौचावरचा ताबा सुटला, मांड्यांच्या आतून आणि बसायच्या जागेभोवती बधिरपणा आला, किंवा दोन्ही पायांत एकदम कळा सुरू झाल्या, तर रात्र असो की सुट्टी, थेट इमर्जन्सी गाठायची. कण्याच्या खालच्या भागात नसांचा जुडगा असतो, तो चेपला गेला की उशीर महागात पडतो. पाऊल उचलेना, चालताना चवडा जमिनीवर घासायला लागला, तरी त्याच दिवशी डॉक्टर. दुखण्याबरोबर ताप असेल, कारण नसताना वजन उतरत असेल, पूर्वी कॅन्सर झालेला असेल किंवा दुखणं पडल्यानंतर सुरू झालं असेल, तर तेही अंगावर काढायचं नाही. हे सगळं क्वचितच घडतं. पण आपल्यासारख्यांना ‘नेहमीचंच आहे’ म्हणायची सवय लागलेली असते, म्हणून आधी लिहिलं.

आता तुमचा बल्ज. तो बारा महिने तिथेच असणार ना? मग मधले चार-सहा महिने दुखत का नाही? या एका प्रश्नात बरंचसं उत्तर आहे.

सायटिक नस शरीरातली सगळ्यात जाड. कण्यातून निघणाऱ्या नसांच्या मुळांपैकी कंबरेतल्या शेवटच्या दोन आणि त्रिकास्थीतल्या (कंबरेखालच्या त्रिकोणी हाडातल्या) वरच्या तीन मुळांपासून ती बनते, कुल्ल्यातल्या पिरिफॉर्मिस स्नायूखालून मांडीत उतरते आणि गुडघ्याच्या वर दोन फाट्यांत विभागते. दुखतो पाय, पण बिघाड बहुतेक वेळा कंबरेत, मुळाशी असतो. दोन मणक्यांमधली गादी बाहेरून चिवट तंतूंची आणि आतून मऊ गराची. हा गर बाहेर येऊन नसेला दाबतो, हे मिक्स्टर आणि बार या दोन अमेरिकन सर्जननी १९३४ मध्ये मांडलं आणि तेव्हापासून सगळ्यांच्या डोक्यात ‘दाब’ हा एकच शब्द बसला. प्रत्यक्षात गर नुसता दाबत नाही, त्यातल्या द्रव्यांनी मुळाला सूजही येते. खरचटलेल्या जागेवर साधा कपडा घासला तरी झोंबतं, तसं सुजलेल्या मुळाला एरवी न जाणवणारा ताणही सहन होत नाही. सूज उतरली की बल्ज तिथेच राहूनही दुखणं थांबतं.

म्हणून रिपोर्ट वाचून घाबरू नका. काहीच दुखत नसलेल्या लोकांचे स्कॅन तपासणाऱ्या अभ्यासांचा एकत्रित आढावा २०१५ मध्ये आला. विशीतल्या सुमारे ३० टक्के लोकांत बल्ज होता, चाळिशीत ५० टक्के आणि ऐंशीच्या घरात ८४ टक्के. शिवाय बाहेर पडलेला गर शरीर बऱ्याचदा हळूहळू शोषून घेतं, आणि गंमत म्हणजे मोठा, सुटून आलेला तुकडा लहान बल्जपेक्षा जास्त वेळा विरतो.

रिपोर्टपेक्षा खात्रीचा साक्षीदार म्हणजे पाय. पुढच्या वेळी कळ आली की बोटाने तिची रेघ ओढून बघा. पोटरीच्या बाहेरच्या अंगाने पावलाच्या वरच्या बाजूला आणि अंगठ्याकडे जात असेल तर बहुधा एल ५ चं, म्हणजे कंबरेतलं पाचवं मूळ. पोटरीच्या मागून टाच, तळवा आणि करंगळीकडे जात असेल तर एस १, म्हणजे त्रिकास्थीतलं पहिलं. मग धरायला भिंत जवळ ठेवून टाचांवर चार पावलं चाला, आणि एकेका पायावर चवड्याने वर उठा. हे दुखत नसताना आत्ताच करून ठेवा, म्हणजे तुमचं नेहमीचं बळ किती ते माहीत राहील. अटॅकमध्ये दुखणं तेवढंच पण बळ कमी झालेलं दिसलं, तर ती डॉक्टरला लगेच सांगायची गोष्ट आहे. नुसत्या कळेपेक्षा कितीतरी महत्त्वाची.

दुसरी खूण त्याहून उपयोगी. न्यूझीलंडचे फिजिओथेरपिस्ट रॉबिन मॅकेन्झी यांनी ती लोकांच्या लक्षात आणून दिली. एखाद्या हालचालीनंतर पोटरीतली कळ मांडीत, मांडीतली कुल्ल्यात, अशी वर वर सरकत कंबरेत गोळा झाली, तर कंबर जरा जास्त दुखली तरी ते चांगलं लक्षण. उलट कंबर हलकी वाटतेय पण कळ पावलापर्यंत उतरली, तर ती हालचाल बंद. कुठला व्यायाम करू, कुठल्या खुर्चीत बसू, किती चालू, या प्रत्येक प्रश्नाला हीच कसोटी लावा. पुष्कळांना पालथं पडून कोपरांवर छाती उचलल्याने कळ वर सरकते. सगळ्यांना नाही. साठीच्या पुढे, चालताना पाय भरून येतात आणि वाकून उभं राहिलं किंवा बसलं की बरं वाटतं, असं असेल तर कण्यातली वाट अरुंद झालेली असू शकते, आणि त्यांना हाच व्यायाम त्रास देतो. म्हणून व्हिडिओ बघून दुसऱ्याचा व्यायाम उचलू नका, एकदा चांगल्या फिजिओकडून स्वतःचा ठरवून घ्या.

आठवडाभर झोपून राहणं मात्र सोडा. नेदरलँड्समधल्या १९९९ च्या एका चाचणीत सायटिकाच्या रुग्णांना दोन आठवडे अंथरुणात ठेवून बघितलं. हिंडतंफिरतं ठेवलेल्यांपेक्षा त्यांना काहीही जास्त फायदा झाला नाही. असह्य असेल तेव्हा पाठीवर पडून पोटऱ्या खुर्चीवर टाका, किंवा कुशीवर गुडघ्यांमध्ये उशी घेऊन पडा. पण मधूनमधून उठून घरातल्या घरात का होईना, पाच-सात मिनिटं चाला. आणि या दिवसांत मांडीची मागची बाजू ताणायच्या फंदात पडू नका. ती आखडल्यासारखी वाटते, पण तिथे बऱ्याचदा स्नायू नव्हे, नस तक्रार करत असते, आणि वाकून पायाचे अंगठे धरायला गेलात की तीच ताणली जाते. त्याऐवजी खुर्चीत ताठ बसून गुडघा हळू सरळ करताना मान वर, गुडघा दुमडताना हनुवटी खाली, असं सावकाश करा. कळ सुरू व्हायच्या अलीकडेच थांबायचं.

तुम्ही लिहिलंय की गेल्या दोन्ही वेळा सकाळी बेसिनवर तोंड धुताना चमक भरली. यात नवल नाही. रात्रभर आडवं राहिल्याने गाद्या पाणी शोषून फुगतात, त्यामुळे उठल्यावर पहिला तासभर वाकलं की त्यांच्यावर जास्त ताण येतो. कंबरदुखीच्या रुग्णांनी सकाळी वाकणं टाळलं तर दुखणं कमी होतं, असं १९९८ च्या एका अभ्यासात दिसलंय. तेव्हा उठताना आधी कुशीवर वळा, पाय खाली सोडा, हाताने रेटून बसा. बेसिनपाशी एक हात कडेवर ठेवून पाठ सरळ ठेवा आणि खुब्यातून वाका, गुडघे किंचित सैल. मोजे, बूट, बादल्या हे सगळं तासाभराने. शिंक येतेय असं वाटलं की वाकू नका, ताठ होऊन हात भिंतीला लावा.

पण खरी गडबड तुमची अटॅकमध्ये होत नाही, नंतर होते. कळ थांबली की तुम्ही आठवडाभर पडून अशक्त झालेली कंबर घेऊन थेट जुन्या आयुष्यात शिरता आणि पुढची कळ येईपर्यंत तिचं नावही काढत नाही. ते चांगले महिनेच कामाचे. कंबरदुखीतून बऱ्या झालेल्या ७०१ लोकांवरचा ऑस्ट्रेलियातला एक प्रयोग २०२४ मध्ये लॅन्सेट या वैद्यकीय नियतकालिकात आला. हळूहळू वाढवत आठवड्यातून पाच दिवस अर्धा तास चालणाऱ्यांमध्ये दुखणं उलटायला मध्यकाने (निम्म्यांना त्याआधी, निम्म्यांना नंतर) २०८ दिवस लागले, बाकीच्यांत ११२. हे कंबरदुखीचं झालं, सायटिकाचं तंतोतंत नव्हे. तरी इतकं साधं औषध दुसरं मला माहीत नाही. जोडीला ब्रिज (उताणं पडून कंबर उचलणं), साइड प्लँक (कुशीवर कोपराच्या आधाराने अंग उचलणं) आणि खुब्यातून वाकून वजन उचलायचा सराव. अर्ध्या-पाऊण तासाने खुर्ची सोडा. सिगारेट असेल तर तिचाही गाद्यांशी संबंध आहे.

गोळ्यांबद्दल: नसांच्या दुखण्यावर देतात ती प्रीगाबालिन सायटिकामध्ये प्लासिबोपेक्षा (औषध नसलेल्या नकली गोळीपेक्षा) सरस ठरली नाही असं २०१७ च्या चाचणीत दिसलं, आणि ब्रिटनच्या नाइस संस्थेच्या मार्गदर्शिकेत सायटिकासाठी ती देऊ नका असं आहे. तुम्हाला सुरू असेल तर मनाने एकदम बंद करू नका, डॉक्टरांना विचारून कमी करा. साध्या वेदनाशामकांनी पोट आणि किडनी सांभाळून थोडे दिवस भागतं. कण्यातलं स्टिरॉइड इंजेक्शन काही आठवड्यांची उसंत देतं, त्यापलीकडे फारशी अपेक्षा नको.

ऑपरेशन वाईट नाही, तुमच्या बाबतीत अस्थानी वाटतं. सहा ते बारा आठवडे तीव्र सायटिका असलेल्या २८३ रुग्णांवरची डच चाचणी २००७ मध्ये आली. लवकर ऑपरेशन झालेल्यांना आराम लवकर पडला, पण वर्षभराने दोन्ही गट सारख्याच अवस्थेत होते. थांबलेल्यांपैकी ३९ टक्के लोकांनी मधे ऑपरेशन करून घेतलं, हेही खरं. म्हणजे बळ घटत असेल किंवा दीड-दोन महिने जगणं अशक्य झालं असेल, तर जरूर करावं. तुमचा अटॅक आठवड्यात उतरतो आणि बळ घटल्याचं तुम्ही म्हटलेलं नाही. शिवाय ऑपरेशननंतरही त्याच गादीतून गर पुन्हा बाहेर येऊ शकतो, त्यामुळे ‘एकदाचं मोकळं’ ही हमी तिथेही नाही.

आणि पट्टा: लांबच्या प्रवासात, दुखऱ्या दोन-चार दिवसांत धीर येत असेल तर लावा. रोज लावून दुखणं उलटायचं थांबतं असं दिसलेलं नाही. तो कपाटात ठेवा आणि तेवढा वेळ चाला.