जुन्या बंगल्यात उतरू की वर्धा रोडच्या हॉटेलात?

प्रश्न : ताई, डिसेंबरमध्ये भाचीच्या लग्नाला नागपूरला येतोय, आम्ही दोघं आणि माझी आई. आईचं वय ७२, गुडघे दुखतात. बायकोला सिव्हिल लाइन्समधल्या एका जुन्या बंगल्याचं हॉटेल केलंय तिथेच राहायचंय, फोटो बघूनच ती प्रेमात पडलीय. साला म्हणतो वर्धा रोडला नवीन हॉटेल घ्या, पडक्या घरात कशाला पैसे घालता. काय करू?
— एक वाचक, नाशिक

उत्तर : दादा, वहिनींचं ऐका. फक्त बुकिंगच्या आधी एक फोन करा आणि तो आईंच्या गुडघ्यांसाठी करा.

१८६१ मध्ये मध्य प्रांत झाला, नागपूर त्याची राजधानी झाली आणि मग साहेब लोकांसाठी सिव्हिल लाइन्समध्ये बंगले उभे राहत गेले. या बंगल्यांचं जोतं उंच असतं, म्हणजे तळमजल्याची खोली मिळाली तरी व्हरांड्यात चढायलाच चार-सहा पायऱ्या, आणि लिफ्ट बहुतेक नसतेच. कठडा आहे का विचारा. दुसरं बाथरूमचं, ते नक्की विचाराच, कारण जुन्या काळी न्हाणीघर मागच्या अंगाला असायचं, सफाईवाल्याला बाहेरून वेगळं दार असायचं, आता तेच खोलीला जोडून घेतलेलं असतं त्यामुळे मध्ये एक पायरी उतरायला लागते आणि रात्री झोपेत तिथेच पाय घसरतो. पायरी असेल तर तिथे रात्रभर छोटा दिवा ठेवायला सांगा.

उंच छत, वर रोशनदान, जाड भिंती हे सगळं आमच्या मे महिन्याच्या ४५ डिग्रीसाठी केलेलं आहे, डिसेंबरात तीच खोली रात्री गार पडते. गीझर चालू आहे ना ते विचारा आणि जास्तीची रजई आधीच मागून ठेवा.

आता तुमच्या साल्याचं म्हणणं. हेरिटेज हा शब्द आजकाल कोणीही पाटीवर लावून राहिलं, पण केंद्राच्या पर्यटन मंत्रालयाच्या वर्गवारीत हेरिटेज हॉटेल म्हणायला इमारत १९५० च्या आधीची लागते, किमान ५ खोल्या लागतात, आणि हेरिटेज क्लासिकसाठी तर १९३५ च्या आधीची. तेव्हा सरळ विचारा, बंगला कोणत्या साली बांधला, कोणाचा होता, आत काय काय बदललं. ज्यांना घराची माया आहे ते पाच मिनिटं भरभरून सांगतात. मी एकदा अशाच एका ठिकाणी राहिले, बाहेरून सुंदर, आत सगळीकडे पीओपी लावून सागवानी तुळया झाकलेल्या, फरशी काढून चकचकीत टाइल्स, मला खरंच वाईट वाटलं. पण जिथे नीट जपलंय तिथे भाडं थोडं जास्त असलं तरी द्या, दरवर्षी पावसाळ्याआधी कवेलू म्हणजे छपराची कौलं फेरायची म्हणजे खर्च असतो, वर माकडं उड्या मारून फोडतात ते वेगळंच, आणि पाहुणे आले नाहीत तर असा बंगला पाडून तिथे फ्लॅट स्कीम होते. हे होताना आम्ही पाहतोय.

एक अडचण मात्र खरी आहे. डिसेंबरमध्ये विधिमंडळाचं अधिवेशन असतं आणि विधान भवन सिव्हिल लाइन्समध्येच आहे. एरवी इतका शांत भाग, पण त्या दिवसांत बॅरिकेड्स, मंत्र्यांच्या गाड्यांचे ताफे, मॉरिस कॉलेज टी-पॉइंटला मोर्चे अडवलेले. खोल्याही मिळत नाहीत आणि भाडंही चढतं. तेव्हा तारखा जुळत असतील तर आजच बुक करा, आणि लग्नाच्या हॉलवर जायला हातात जास्तीचा अर्धा तास ठेवा.

सकाळी साडेसहाला तुम्ही दोघं पायी निघा. मोठमोठी झाडं, रस्त्यावर कोणी नाही. अजब बंगला म्हणजे आमचं १८६३ चं म्युझियम, मग १९४० ची हायकोर्टाची घुमटाची इमारत, बाहेरूनच पहा पण नीट थांबून पहा. परतताना तर्री पोहे, म्हणजे वरून झणझणीत रस्सा घातलेले पोहे खा, आईंसाठी बिनतर्रीचे बांधून घ्या. आणि हॉटेलवाल्यांना आदल्या दिवशी सांगून ठेवलं तर काही ठिकाणी वडाभात, म्हणजे डाळीचे वडे कुस्करून घातलेला भात करून देतात, तो आईंना आवडेल. दुपारी त्यांची खुर्ची व्हरांड्यात उन्हाला टाकून द्या, तेव्हा आंबिया बहाराची संत्री आलेली असतात, किलोभर आणून ठेवा.