ईमेल बंद करून सगळं व्हॉट्सॲपवर आणलं तर स्पॅम थांबेल का?

दुकानाचा ईमेल बंद करून सगळा व्यवहार व्हॉट्सॲप-टेलिग्रामवर न्यायचा, म्हणजे स्पॅमची कटकट संपेल का, असं तुम्ही विचारलंय. नाही संपणार. आणि ईमेल तर मुळीच बंद करू नका.

मी करसल्लागार आहे, दिवसभर दोन्ही वापरतो. गेल्या पावसाळ्यात एका जुन्या अशिलाच्या नंबरवरून मेसेज आला, 'तुमच्या गाडीचं चलान बाकी आहे', खाली एपीके फाइल, म्हणजे उघडली की फोनमध्ये ॲप बसवणारी. नंबर त्यांचा, डीपीवर नातवाला मांडीवर घेतलेला फोटोही त्यांचाच. लगेच फोन लावला. काकांचा आवाज रडवेला झाला होता. सकाळी त्यांनी स्वतः ती फाइल उघडली आणि तीच फाइल त्यांच्या नावाने निम्म्या गावाला गेली. असली गोष्ट ईमेलवर बहुधा अनोळखी पत्त्यावरून येते आणि स्पॅममध्ये जाऊन पडते. इथे ती घरच्या माणसासारखी दारात उभी राहिली.

पहिला मोठा स्पॅम ईमेल मे १९७८ मधला. डीईसी या संगणक कंपनीच्या विक्रेत्याने अर्पानेट या इंटरनेटच्या पूर्वजावरच्या सुमारे ४०० जणांना जाहिरात पाठवली. पाठवायला खर्च जवळजवळ शून्य, आणि शंभरात एक जरी गळाला लागला तरी फायदा. हे गणित व्हॉट्सॲपवरही तेच आहे. शिवाय तिथला मजकूर एन्क्रिप्टेड असतो, म्हणजे पाठवणारा आणि घेणारा सोडून कुणाला वाचता येत नाही. आपल्यासाठी ते चांगलंच, पण त्यामुळे ईमेलसारखा मजकूर वाचून कचरा बाजूला काढणं कंपनीच्या सर्व्हरला जमत नाही. आणि धंदेवाल्यांचे जाहिरातीचे मेसेज तर कंपनी स्वतःच पैसे घेऊन पोचवते.

ईमेल कुणा एकाच्या मालकीचा नाही. कुठल्याही सर्व्हरवरून कुठेही पत्र जातं. स्पॅम शिरतो तो याच दारातून, पण या मोकळेपणामुळेच स्वतःचं डोमेन, म्हणजे ईमेलमधलं @ च्या पुढचं नाव, घेतलं की उद्या सेवा बदलली तरी पत्ता तुमचाच राहतो. व्हॉट्सॲपने खातं बंद केलं तर गिऱ्हाइकांशी चाललेलं सगळं बोलणं तिथेच अडकतं. आणि ईमेलवर उपायही होताहेत. फेब्रुवारी २०२४ पासून जीमेलला दिवसाला ५,००० हून जास्त मेल पाठवणाऱ्यांना एसपीएफ, डीकेआयएम, डीमार्क या तिन्ही तपासण्या लावाव्याच लागतात; मेल खरंच त्या नावाच्या पाठवणाऱ्याकडून आलाय का, हे त्यांतून कळतं.

तेव्हा ऑर्डर, 'माल निघाला का' वगैरे व्हॉट्सॲपवर चालू द्या; बिलं, करार, जीएसटीची कागदपत्रं ईमेलवरच ठेवा. ॲपं आणि वेबसाइटींवर नोंदणीसाठी वेगळा पत्ता काढा. व्हॉट्सॲपचं टू-स्टेप व्हेरिफिकेशन, म्हणजे खात्याला जादा पिन, आजच सुरू करा. आणि खात्यातून पैसे गेलेच, तर आधी १९३० या सायबर फसवणुकीच्या सरकारी हेल्पलाइनला फोन करा, बँकेत नंतर जा.