रोप लावले, पुढे काय? वाचकांचे प्रश्न आणि उत्तरे

आपल्या परिसराची राखण स्वतःच करायची असे ठरवून कामाला लागलेल्या छोट्या वस्त्यांमधील वाचकांची पत्रे गेल्या काही महिन्यांत मोठ्या संख्येने आली. त्यांतील वारंवार विचारले गेलेले प्रश्न निवडून त्यांना येथे उत्तरे देत आहोत.

प्रश्न : वस्तीलगतच्या मोकळ्या जागेत आम्ही दरवर्षी पावसाच्या तोंडावर रोपे लावतो. मागच्या खेपेस तर दोनशे रोपे लावली. लोक हौसेने येतात, छायाचित्रे निघतात, आणि पुढच्या वर्षी त्याच खड्ड्यांत पुन्हा रोपे लावण्याची वेळ येते. आमचे नेमके कुठे चुकते?

उत्तर : आपण लावलेल्या रोपांचा आकडा कळवला आहे, जगलेल्या रोपांचा कळवलेला नाही. ज्याची मोजदाद होते त्याचीच काळजी घेतली जाते, हा सार्वजनिक कामातला नेहमीचा अनुभव आहे. केनियामध्ये वंगारी मथाई यांनी १९७७ साली ग्रीन बेल्ट चळवळ सुरू केली, तेव्हा रोपे वाढवणाऱ्या स्त्रियांना जे अल्पसे मानधन मिळे ते रोप लावल्याबद्दल नव्हे, तर रोप जगल्याबद्दल मिळत असे. आपणही लागवडीच्या दिवसाऐवजी त्यानंतरच्या दुसऱ्या उन्हाळ्याच्या अखेरीस मोजणी करावी आणि तोच आकडा सर्वांसमोर मांडावा.

आता खड्ड्यापाशी येऊ. पत्रासोबतच्या छायाचित्रात रोपाच्या बुंध्याभोवती मातीचा उंच ढीग रचलेला दिसतो. दिसायला तो नीटनेटका असला तरी त्यामुळे पाणी मुळांशी न मुरता बाहेर वाहून जाते आणि सतत ओल्या मातीत गाडला गेलेला बुंधा कुजू लागतो. रोप पिशवीत जितके खोल होते तितकेच जमिनीत असावे आणि त्याच्याभोवतीचे आळे खोलगट असावे. पिशवी पूर्ण काढून टाकावी. फक्त तळ कापून रोप पिशवीसकट पुरण्याची घाई अनेक ठिकाणी होते. बराच काळ पिशवीत राहिलेल्या रोपाची मुळे आतल्या आत गोल फिरलेली असतात. ती लागवडीच्या वेळी हलक्या हाताने मोकळी केली नाहीत, तर तशीच फिरत राहतात आणि काही वर्षांनी वरून धडधाकट दिसणारे झाड वाऱ्याने उन्मळून पडते. आळ्यात पालापाचोळ्याचे वीतभर जाड आच्छादन द्यावे, मात्र ते बुंध्याला टेकू देऊ नये. पाणी रोज तांब्याभर घालण्यापेक्षा काही दिवसांच्या अंतराने भरपूर घालावे, म्हणजे मुळे ओलाव्याच्या शोधात खोल जातात.

एवढे सगळे दोनशे रोपांसाठी करणे आपल्याला झेपणार नसेल, तर वीसच लावावीत. निदान दोन-तीन उन्हाळे कोण पाणी घालणार, याचे नावनिशीवार उत्तर ज्या रोपाबाबत मिळत नाही, ते रोप त्या वर्षी लावू नये असे माझे स्पष्ट मत आहे.

लागवडीची गरज खरोखर आहे का, हेही एकदा जमिनीकडे वाकून तपासावे. नायजर या देशात टोनी रिनॉडो हे ऑस्ट्रेलियन कृषितज्ज्ञ १९८०च्या दशकाच्या आरंभी रोपे लावत होते आणि त्यांतली बहुतेक मरत होती. ओसाड शेतांतली खुरटी झुडपे म्हणजे तोडलेल्या झाडांच्या खोडांना फुटलेले धुमारे आहेत, हे त्यांच्या लक्षात आले. त्यांतले जोमदार धुमारे राखायचे, बाकीचे छाटायचे आणि गुरांपासून सांभाळायचे, एवढेच शेतकऱ्यांना करायचे होते. पुढील दोन-तीन दशकांत तेथे सुमारे ५० लाख हेक्टर जमिनीवर झाडे पुन्हा उभी राहिली. त्यामागे छाटणीचे तंत्र होते, तसेच आपल्या शेतातले झाड आपलेच आहे ही खात्रीही होती. पूर्वी झाडे सरकारची मानली जात, त्यामुळे ती राखण्यात शेतकऱ्याचा काहीच फायदा नव्हता. आणखी एक सावधगिरी : आपली मोकळी जागा मूळचेच गवताळ रान असेल, तर तिथे झाडांची गर्दी करणे हे त्या जागेचे नुकसानच आहे. गवताळ रानात घरटी करणारे पक्षी आणि तिथले कीटक सावलीत टिकत नाहीत.

प्रश्न : आरंभी तीस घरांतील माणसे श्रमदानाला येत होती. आता मोजकी चार-पाचजण येतात, आणि पाझर वाढल्यामुळे विहिरीला आलेले पाणी मात्र सगळेच उपसतात. काम न करणाऱ्यांना पाणी बंद करावे, असा सूर निघतो आहे. आपले मत काय?

उत्तर : नव्याचे नऊ दिवस सरल्यावर हा प्रश्न बहुतेक ठिकाणी उभा राहतो, म्हणून त्याचा थोडा विस्ताराने विचार करू. १९६८ साली गॅरेट हार्डिन या जीवशास्त्रज्ञाने ‘सायन्स’ या नियतकालिकात असा युक्तिवाद केला की, सामाईक कुरणावर प्रत्येक जण आपले एकेक जनावर वाढवत जातो, कारण फायदा एकट्याचा आणि तोटा सगळ्यांत वाटलेला असतो; शेवटी कुरणच नष्ट होते. सरकारी नियंत्रण किंवा खासगी मालकी एवढेच उपाय त्यातून अनेकांनी काढले. एलिनॉर ऑस्ट्रॉम यांनी मात्र शेकडो वर्षे टिकलेली सामाईक कुरणे, कालवे आणि जंगले अभ्यासून दाखवले की, वापरणारेच नियम ठरवतात आणि पाळतात तेथे सामाईक साधन टिकू शकते. या कामासाठी त्यांना २००९ साली अर्थशास्त्राचा नोबेल पुरस्कार मिळाला. तो मिळवणाऱ्या त्या पहिल्या स्त्री होत.

त्यांनी चर्चिलेले एक उदाहरण स्वित्झर्लंडमधील टॉर्बेल या डोंगरी गावाचे आहे. तेथील गावकऱ्यांनी १४८३ सालीच सामाईक कुरणांसाठी संघटना स्थापन करून तसा दस्तऐवज केला आणि १५१७च्या नियमानुसार हिवाळ्यात स्वतःच्या चाऱ्यावर जितक्या गायी पोसता येतील त्याहून जास्त गायी उन्हाळी कुरणावर पाठवण्यास मनाई होती. गोठा पाहिला की प्रत्येकाचा वाटा समजत असे. दुसरे उदाहरण स्पेनमधील व्हॅलेन्सियाचे. तेथील जलन्यायालय दर गुरुवारी दुपारी बारा वाजता कॅथेड्रलच्या दाराशी उघड्यावर भरते. आठ कालव्यांचे प्रतिनिधी, म्हणजे पाणी वापरणारे शेतकरीच, तक्रारी तोंडी ऐकतात आणि तेथल्या तेथे निकाल देतात. युनेस्कोने २००९ साली या न्यायालयाचा अमूर्त वारशाच्या यादीत समावेश केला.

आपल्या विहिरीपुरता यातून निघणारा अर्थ असा. पाणी एकदम बंद करणे ही पहिली शिक्षा असू शकत नाही. टिकलेल्या व्यवस्थांमध्ये शिक्षा पायरीपायरीने वाढत जाते : आधी समज, मग लहानसा दंड, आणि हक्कावर गदा अगदी शेवटी. कारण पहिल्या चुकीमागे बहुधा अडचण असते, हेका नसतो. घरात आजारपण असेल, कामावरून उशिरा सुटी होत असेल, एखादी व्यक्ती वयोवृद्ध असेल. अशांना श्रमाऐवजी नोंदवही ठेवणे, मुलांना सांभाळणे, अवजारे देणे अशा दुसऱ्या रूपात वाटा उचलता आला पाहिजे. नियम ठरवताना जे गैरहजर होते, त्यांच्याकडून ते मनापासून पाळले जाण्याची अपेक्षा करू नये. म्हणून चार-पाचजणांनी आपसांत शिक्षा ठरवण्याऐवजी सर्व घरांना बसवून नियमच नव्याने लिहावेत. नोंदवही सर्वांना दिसेल अशा जागी ठेवावी. कुणी किती दिवस आले आणि कुणी किती पाणी उपसले, हे उघड असले की कुजबूज आपोआप कमी होते. देखरेख करणाराही पाणी वापरणाराच असावा आणि ती पाळी फिरती असावी, नाहीतर एकाच माणसाच्या माथी कायमचा वाईटपणा येतो.

जाता जाता एक सांगतो. जे चार-पाचजण अजून येत आहेत, त्यांच्या मनात ‘आम्हीच काय ते करतो’ अशी भावना साचू लागली असणार. ती रास्त असली तरी बैठकीत तिनेच सुरुवात झाली, तर उरलेली पंचवीस घरे पुन्हा फिरकणार नाहीत.

प्रश्न : सामाईक खतखड्ड्याला दुर्गंधी येते. शेजारी तक्रार करतात.

उत्तर : ओला कचरा जास्त, कोरडा कमी आणि हवा नाही, हे त्याचे कारण. ओल्या कचऱ्यात नत्र असते, वाळक्या पानांत आणि भुश्यात कर्ब; कर्ब आणि नत्र यांचे प्रमाण साधारण २५ ते ३० भागांस एक भाग असे असले की जिवाणू जोमाने काम करतात. दर वेळी ओल्या थरावर त्याच्या दुपटी-तिपटीने कोरडा पाला घालावा आणि आठवड्यातून एकदा ढीग वरखाली करावा. मूठभर कचरा दाबून पाहावा. बोटांमधून पाण्याची धार लागली तर ओलावा जास्त, एखाददुसरा थेंब आला तर योग्य. ढीग नीट तापून आतले तापमान ५५ अंश सेल्सिअसच्या वर काही दिवस राहिले, तर रोगजंतू आणि तणांचे बी बऱ्याच अंशी मरते. एवढे केल्यावर शेजाऱ्यांना तयार खताची एक पाटी नेऊन द्यावी.

प्रश्न : तळे दर उन्हाळ्यात हिरवे पडते. प्रयोगशाळेचा खर्च परवडत नाही. आम्ही स्वतः पाण्याची तपासणी करू शकतो का?

उत्तर : बऱ्याच अंशी करू शकता. पाण्याचा गढूळपणा मोजण्याची सर्वांत जुनी आणि अजूनही वापरात असलेली पद्धत म्हणजे सेक्की तबकडी. अँजेलो सेक्की या इटालियन धर्मगुरू-खगोलशास्त्रज्ञाने १८६५ साली समुद्राच्या पाण्यासाठी ती वापरली. सुमारे २० सेंटिमीटर व्यासाच्या तबकडीचे चार भाग करून ते आळीपाळीने काळे आणि पांढरे रंगवावेत, खाली वजन आणि वर खुणा केलेली दोरी बांधावी, आणि तबकडी दिसेनाशी होते ती खोली नोंदवावी. जागा, वेळ आणि शक्यतो माणूसही तोच ठेवावा; एकाच दिवशी दहा मोजमापे घेण्यापेक्षा दर पंधरवड्याला एक नोंद वर्षभर ठेवणे कितीतरी उपयोगी. काठावरचे दगड उलटून पाहावेत. एकदिनमाशीच्या अळ्या आढळल्या तर पाण्यात प्राणवायू चांगला असण्याची शक्यता असते. नुसते लाल किडे आणि डासांच्या अळ्याच उरल्या असतील तर काळजीचे कारण आहे.

हिरवेपणाचे मूळ बहुधा तळ्यात नसून काठाबाहेर असते. कॅनडातील ऑन्टारियो प्रांतात १९७३ साली डेव्हिड शिंडलर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी एका लहान सरोवराचे पडदा लावून दोन भाग केले आणि दोन्हींत कर्ब व नत्र घातले, मात्र फॉस्फरस एकाच भागात घातला. तोच भाग हिरवागार झाला. तेव्हा फॉस्फरस घेऊन येणारे साबणपाणी, सांडपाणी, शेणखताच्या ढिगांतला निचरा आणि शेतातून वाहून येणारे खत तळ्यात कुठून शिरते, हे पहिल्या जोरदार पावसात छत्री घेऊन प्रत्यक्ष काठाने फिरून पाहावे. वरचे शेवाळ काढत बसण्यापेक्षा त्या वाटांवर गवताचा रुंद पट्टा राखणे अधिक फलदायी ठरते. पाण्यावर निळसर-हिरवी, रंग सांडल्यासारखी साय आली, तर मुलांना आणि गुरांना लांब ठेवावे. अशा साईत विषारी घटक असू शकतात. ते पाणी पिण्याजोगे आहे की नाही, हे घरगुती तपासणीने ठरवता येत नाही. त्यासाठी प्रयोगशाळाच हवी.

प्रश्न : आमच्या एवढ्याशा कामाने हवामानबदल थांबणार आहे का?

उत्तर : नाही. कार्बन उत्सर्जनाच्या मानाने एका वस्तीची झाडे नगण्य आहेत, आणि तसे आश्वासन देऊन लोकांना बोलावले तर वर्षभरात ते निराश होतात. सावली, मुरलेले पाणी, न वाहून गेलेली माती हे लाभ मात्र त्याच जागी आणि त्याच माणसांना मिळतात. लोकांना बोलावताना तेच सांगावे.

प्रश्न : एका बाहेरच्या संस्थेने मोठी देणगी देऊ केली आहे. काहींना ती हवी आहे, काहींना नको. बहुमताने निर्णय घेऊन मोकळे व्हावे का?

उत्तर : घाई करू नये. गडचिरोली जिल्ह्यातील मेंढा (लेखा) या गावात निर्णय बहुमताने नव्हे तर सर्वसहमतीने घेण्याची रीत आहे. विषयाचा खल आधी अभ्यासगटात होतो, तेथे माहिती गोळा होते, शंका विचारल्या जातात. निर्णय मात्र ग्रामसभाच घेते. या पद्धतीला वेळ लागतो, हे खरे. पण याच गावाने २००९ साली आपल्या जंगलावर सामूहिक वनहक्क, म्हणजे ते जंगल गावाने मिळून वापरण्याचा आणि राखण्याचा कायदेशीर हक्क, मिळवला, आणि असा हक्क मिळवणाऱ्या देशातल्या अगदी पहिल्या गावांत त्याची गणना होते. बहुमताने हरलेला गट पुढे कामाला येत नाही, आणि तीस घरांच्या वस्तीत दहा घरे बाजूला बसली तर देणगी असूनही काम अडते.

देणाऱ्यांना लेखी विचारावे : पैसा कशासाठी आहे आणि किती वर्षे येणार? तयार झालेल्या गोष्टीची मालकी कुणाची? हिशेब कुणाला दाखवायचा? ते एकाच हंगामात रोपांची ठरावीक संख्या मागत असतील आणि पुढच्या पाण्याचा, कुंपणाचा, मजुरीचा खर्च द्यायला तयार नसतील, तर त्यांना रक्कम निम्मी करून मुदत तीन वर्षांची करण्याची विनंती करावी. ती मान्य झाली नाही, तर नकार कळवून पदरमोडीने झेपेल तेवढेच काम चालू ठेवणे बरे.