मुलांसोबत स्वयंपाक करायला दर महिन्याला येणारं किट घ्यावं का?

तुमची मुलं सहा आणि नऊ वर्षांची आहेत, दोघंही ओट्यापाशी घुटमळतात, पण रोजच्या घाईत त्यांना हाताशी घेणं जमत नाही, म्हणून किटचा विचार करताय, असं तुम्ही लिहिलंय. माझं मत विचाराल तर जरूर घ्या. फक्त काही महिन्यांपुरतं घ्या आणि आवडलेला प्रत्येक पदार्थ पुढे एकदा तरी किटशिवाय, घरातल्या सामानातून करायचाच असं ठरवून घ्या.

आधी कोणतं किट, ते बघू. हॅलोफ्रेश 2011 मध्ये बर्लिनमध्ये सुरू झालं, ब्लू एप्रन 2012 मध्ये न्यूयॉर्कमध्ये. त्यांच्यासारख्या कंपन्यांनी मोजून-मापून साहित्य घरपोच पाठवण्याची पद्धत लोकप्रिय केली. दमून घरी आलेल्या मोठ्या माणसासाठी ती सोय उत्तमच आहे. मुलांसाठीच्या किटमध्ये मात्र बहुधा चित्रांची कार्डं, एखादं छोटं उपकरण आणि फार तर कोरडं साहित्य असतं. ताजं सामान आपण आणायचं. मी हा दुसरा प्रकार घेतला आणि तुम्हालाही तोच सुचवेन, कारण सगळं मोजून पुड्यांत बांधून आलं की मुलांच्या हातून मोजमापच निसटतं. माझ्या अनुभवात स्वयंपाकातला सगळ्यात शिकवणारा भाग तोच.

छोटा चमचा 5 मिलिलिटरचा, मोठा 15 चा, म्हणजे तीन छोटे मिळून एक मोठा. सहा वर्षांचं मूल हे पाण्याने स्वतः भरून-ओतून ताडून बघू शकतं. नऊ वर्षांच्या मुलाच्या हाती वजनकाटा द्या. 100 मिलिलिटर पाणी 100 ग्रॅम भरतं, तेवढंच तेल त्याहून हलकं आणि त्याच भांड्यातलं पीठ तर आणखी हलकं. माझ्या मुलीने हे पाहिल्यावर घरातली दिसेल ती वस्तू काट्यावर ठेवली होती! चार जणांची कृती दोघांसाठी करायला सांगा, की पाऊण कपाचं निम्मं किती यावर डोकं चालतं. वहीतल्या अपूर्णांकांना कंटाळणारी मुलंही इथे कंटाळत नाहीत, कारण उत्तर चुकलं तर केक फसतो हे त्यांना दिसतं.

किट निवडताना नमुन्याचं एखादं कार्ड नीट वाचा. त्यात मुलाने करायची कामं किती आणि ‘मोठ्यांनी करावे’ असं लिहिलेली किती, ते पाहा. मोठ्यांची कामं जास्त असतील तर ते किट तुमच्या उपयोगाचं नाही. सहा वर्षांच्या मुलाला धुणं, निवडणं, हाताने तोडणं, मळणं, फेटणं, चाळणं सहज जमतं. मऊ फळं कापायला बोथट टोकाची छोटी सुरी आणि कमानीची पकड शिकवा: अंगठा एका बाजूला, बोटं दुसऱ्या बाजूला, सुरी मधल्या कमानीखालून. थोरल्याला बोटांची टोकं आत वळवून धरायची पकड शिकवा. त्याची सुरी धारदार असू द्या. बोथट सुरीवर जोर द्यावा लागतो आणि ती घसरते. गॅसजवळ मूल एकटं नको आणि पातेल्याचा दांडा नेहमी आत वळवलेला हवा.

एक गोष्ट कार्डावर नसली तरी पाळा: कच्चं पीठ आणि भिजवलेलं मिश्रण चाटू देऊ नका. कच्च्या अंड्याबद्दल बहुतेकांना ठाऊक असतं, पण पिठातही जंतू असू शकतात आणि ते शिजवल्यावरच मरतात. हात साबणाने वीस सेकंद धुवायचे. तेवढा वेळ एखादं गाणं म्हणायला लावा.

‘स्वतः केलं तर खातील का?’ असंही तुम्ही विचारलंय. हळूहळू खातील. साधारण दोन ते सहा या वयात नव्या पदार्थाला नाक मुरडणं अगदी स्वाभाविक आहे. एखादी चव आपलीशी व्हायला कित्येकदा दहा-पंधरा वेळा समोर यावी लागते. किटमध्ये दर महिन्याला नवा पदार्थ येतो, तो एकदा होतो आणि मागे पडतो. म्हणून तर मी तोच पदार्थ पुन्हा करण्याबद्दल इतकं आग्रहाने सांगतेय. पहिल्यांदा मुलाने नुसता वास घेतला तरी पुरे. ताटातलं संपवण्याची सक्ती मात्र करू नका.

पैशांचं थोडक्यात: वर्गणी आपोआप चालू राहते का, एखादा महिना वगळता येतो का आणि त्यासाठी कोणत्या तारखेआधी कळवावं लागतं, हे पैसे भरण्याआधी वाचा. कोणाला ॲलर्जी असेल तर साहित्याची पूर्ण यादी आधी मागवा.

राहिला दोघांच्या भांडणाचा प्रश्न. एकाने कार्ड मोठ्याने वाचायचं, दुसऱ्याने करायचं, आणि पुढच्या पदार्थाला अदलाबदल. धाकट्याला सगळं वाचता येत नसेल तर चित्रांवरून सांगू द्या. कार्डावर अर्धा तास लिहिला असेल तर तुम्ही तासभर धरा आणि सुट्टीच्या दिवशी, सगळ्यांना भूक लागायच्या बरंच आधी सुरुवात करा.